गरोदर बाईचं डोकं अचानक दुखलं तर… आधी आईला वाचवा!



आजचा विषय जरा वेगळा आहे. हा आजार रोज दिसणारा नाही. तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी असे रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पाहिले असतील. पण त्यातला प्रत्येक रुग्ण लक्षात राहिला आहे, कारण प्रत्येक वेळी आजाराइतकंच नुकसान आमच्या भीतीने आणि उशिराने केलं. म्हणून हे लिहितोय. (रुग्णांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्च महिना होता. ऊसतोडीहून नुकतंच गावाकडे परतलेलं कुटुंब. घरातली सून पंचवीस-सव्वीस वर्षांची, दुसरी खेप, तिसावा आठवडा चालू होता. सकाळी भाकरी थापता थापता तिच्या डोक्यात एकदम कळ उठली. तिच्याच शब्दांत सांगायचं तर "कुणी मागून धोंडा घातल्यासारखं झालं." उलटी झाली आणि ती चुलीपुढेच कलंडली. पाच-सात मिनिटांनी शुद्धीवर आली. घरच्यांनी कांदा हुंगवला, डोक्याला ओलं फडकं बांधलं. ऊन लागलं असेल, पित्त खवळलं असेल, असं ठरलं. जवळच्या एका दवाखान्यात पित्ताचं आणि दुखण्याचं इंजेक्शन मिळालं. थोडं बरं वाटलं. पण मान अवघडलेलीच राहिली आणि उजेड सहन होईना, म्हणून दुसऱ्या दिवशी तिला माझ्याकडे आणलं.

मी तपासलं. बीपी १५०/९०. पायांवर सूज नाही. लघवीत प्रथिनं नाहीत. हनुवटी छातीला टेकवायला सांगितली तर मान वाकेचना. मी लगेच डोक्याचा सिटीस्कॅन लिहून दिला.

आणि तिथेच गाडी अडली.

"साहेब, दुसरं काई बी करा, पण तिला मशीनमधी नका घालू. पोटातल्या लेकराला किरणं लागतील," सासू हात जोडून म्हणाली. नवरा मुकादमाकडे हिशेबाला गेलेला, त्याचा फोन लागत नव्हता. दीर म्हणाला, दादाला विचारल्याशिवाय कसं करायचं? माहेरच्यांना फोन झाले. मामांना फोन झाले. या सगळ्यात दोन तास गेले. ती बाई बाकावर डोळे मिटून पडून होती, आणि तिला मात्र कुणीच काही विचारत नव्हतं.

शेवटी स्कॅन झाला. मेंदूभोवती रक्त पसरलेलं होतं. मेंदूतला एन्युरिझम फुटला होता.

एन्युरिझम म्हणजे काय?

शेताला पाणी देणारा जुना पाइप आठवा. त्याला एखाद्या ठिकाणी, बहुधा जोडावर, फुगवटा येतो. तिथली भिंत पातळ होते आणि दाब वाढला की पाइप तिथेच फुटतो. मेंदूला रक्त नेणाऱ्या रोहिणींना जिथे फाटे फुटतात, तिथे काही माणसांत असाच छोटा फुगा तयार होतो. त्याला एन्युरिझम म्हणतात. प्रौढ माणसांत शंभरातल्या सुमारे तिघांच्या मेंदूत असा फुगा असतो. बहुतेकांना तो आयुष्यभर त्रास देत नाही आणि कळतही नाही.

तो फुटला की रक्त मेंदूच्या आवरणांच्या मधल्या जागेत पसरतं. याला सबअरॅक्नॉइड रक्तस्राव म्हणतात. हा स्ट्रोकचाच एक प्रकार आहे, पण फार घातक. १० ते १५ टक्के रुग्ण दवाखान्यात पोचण्याआधीच दगावतात. जे पोचतात, त्यांच्या डोक्यावर दुसरी टांगती तलवार असते. फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सगळ्यात जास्त असतो, आणि दुसऱ्यांदा फुटला तर वाचण्याची शक्यता खूपच कमी होते. म्हणजे पहिल्या फुटण्यातून जो वाचला त्याला निसर्गाने थोडा वेळ दिलेला असतो. तो वेळ कसा वापरायचा, हे आपल्या हातात असतं.

गरोदरपणामुळे फुगा फुटतो का?

पूर्वी डॉक्टरांनाही तसंच वाटायचं. गरोदरपणात शरीरातलं रक्त वाढतं, हृदयाचं काम वाढतं, कळा देताना दाब चढतो, म्हणून फुगा फुटत असणार, असं पुस्तकांत लिहिलेलं असायचं. अलीकडच्या अभ्यासांत मात्र तसं दिसलेलं नाही. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींवर आधारलेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मेंदूत फुगा असलेल्या स्त्रियांमध्ये गरोदरपणात तो फुटण्याचं प्रमाण सुमारे १.४ टक्के आणि प्रत्यक्ष बाळंतपणात ०.०५ टक्के निघालं. गरोदर नसताना जेवढा धोका असतो, त्याहून हा जास्त नाही.

एकूण हा आजार किती दुर्मिळ? तिथल्याच नोंदींनुसार एक लाख बाळंतपणांमागे गरोदरपणाशी संबंधित असे पाच-सहा रक्तस्राव होतात. त्यामुळे हा लेख वाचून प्रत्येक गरोदर बाईने घाबरून स्कॅन करायला पळायचं नाही. साधी डोकेदुखी साधीच असते. जागरण, उपास, चष्म्याचा नंबर, अर्धशिशी, रक्त कमी असणं, यांनीच बहुतेकींचं डोकं दुखतं.

धोका कुणाला जास्त? ज्यांना उच्च रक्तदाब आहे, ज्या विडी-सिगारेट ओढतात, ज्यांच्या आई-वडील-भावंडांपैकी दोन किंवा अधिक जणांना असा रक्तस्राव झाला आहे, आणि ज्यांना मूत्रपिंडात गाठींचा आनुवंशिक आजार (पॉलिसिस्टिक किडनी) आहे त्यांना. आपल्याकडे बायका विडी फारशा ओढत नाहीत, पण मिश्री आणि तंबाखू घरोघर आहे. त्याने बाळाचं वजन कमी भरतं, म्हणून तीही गरोदरपणात नकोच.

कोणती डोकेदुखी साधी नाही?

मी रुग्णांना एकच प्रश्न विचारतो: "दुखणं हळूहळू वाढलं की एकदम आलं?" साधी डोकेदुखी चढत जाते. फुगा फुटल्याची डोकेदुखी वीज कोसळावी तशी येते, क्षणात किंवा फार तर मिनिटाभरात टोकाला जाते. रुग्ण म्हणतो, "आयुष्यात असं कधी दुखलं नव्हतं." त्याबरोबर खालचं काही असेल तर घरी थांबू नका:

• उलट्या, मान आखडणं, उजेडाचा त्रास
• भोवळ येऊन पडणं, थोडा वेळ का होईना शुद्ध जाणं
• झटके येणं, दातखीळ बसणं
• एका डोळ्याची पापणी अचानक खाली पडणं, एकाचे दोन दिसणं
• बोलण्यात घोळ, हातापायातली ताकद जाणं, वागणं बदलणं

इंजेक्शनने दुखणं कमी झालं म्हणजे धोका टळला असं नाही. फुग्याच्या तोंडावर रक्ताची गुठळी बसते, रक्त थांबतं, दुखणं ओसरतं. ती गुठळी कधीही निघू शकते.

गरोदरपणात एक घोळ आणखी होतो. डोकेदुखी, वाढलेलं बीपी आणि झटके म्हटलं की आमच्या डोक्यात पहिलं नाव येतं एक्लाम्पसियाचं, आणि ते योग्यच आहे. कारण तो आजार कितीतरी पट जास्त आढळतो आणि त्याचं मॅग्नेशियमचं इंजेक्शन वेळेवर मिळालं तर जीव वाचतो. म्हणून बीपी आणि लघवी आधी तपासायचीच. पण मेंदूत रक्तस्राव झाल्यावरही बीपी वाढतं, झटके येतात. विजेसारखी डोकेदुखी असेल, मान ताठ असेल, शुद्ध जात असेल, तर "बीपीमुळेच असेल" म्हणून थांबता येत नाही. दोन्ही आजार एकाच बाईला असू शकतात.

बाळंतपणानंतरही सावध राहा. आपल्या देशात बाळंतिणीच्या मेंदूतल्या निळ्या रक्तवाहिन्यांत (शिरांत) गुठळी होण्याचे रुग्ण आम्ही नेहमी पाहतो. काही घरांत बाळंतिणीला पाणी कमी देतात. कृपया देऊ नका असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका; तिला भरपूर पाणी द्या. कमरेत भूल दिल्यानंतरचं डोकं उठून बसल्यावर दुखतं आणि आडवं झालं की थांबतं. तसं नसेल तर तेही "भुलीमुळे आहे" असं घरच्या घरी ठरवू नका.

पहिला अडथळा: किरणांची भीती

आता मुद्द्यावर येतो. माझं ठाम मत असं की आपल्याकडे या आजारात रुग्ण मरतात ते तीन अडथळ्यांमुळे, आणि तिन्ही दूर करता येतात.

पहिला अडथळा सिटीस्कॅनच्या भीतीचा. त्या सासूबाईंना मी दोष देत नाही. क्ष-किरण विभागाबाहेर "गरोदर असल्यास आधी सांगा" असा फलक आम्हीच लावलेला असतो. त्याचा अर्थ "सांगा, म्हणजे आम्ही विचार करून करू" असा आहे. लोकांनी त्याचा अर्थ "करूच नका" असा घेतला.

आकडे पाहा. किरणांचा डोस मिलीग्रे या मापात मोजतात. डोक्याच्या सिटीस्कॅनमध्ये किरणं डोक्यावर पडतात. पोटातल्या बाळापर्यंत पोचतात ती ०.००१ ते ०.०१ मिलीग्रे. आणि काहीही न करता, नुसतं घरात राहून, माती, दगड, हवा आणि आकाशातून येणारी नैसर्गिक किरणं नऊ महिन्यांत बाळाला मिळतात ती ०.५ ते १ मिलीग्रे. म्हणजे डोक्याच्या एका स्कॅनची किरणं त्या नैसर्गिक किरणांच्या फार तर पन्नासाव्या हिश्श्याएवढी. बाळाला अपाय होण्याची चिंता सुरू होते ती ५० मिलीग्रेच्या पुढे. कुठे ०.०१ आणि कुठे ५०!

डोकेदुखी सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आत चांगल्या मशीनवर स्कॅन झाला तर जवळजवळ प्रत्येक रक्तस्राव दिसतो. जसजसे दिवस जातात तसं रक्त विरघळतं आणि स्कॅनमध्ये सुटू शकतं. मग पाठीतून पाणी काढून तपासावं लागतं. म्हणजे उशीर केल्याने बाळाचं रक्षण होत नाही, फक्त निदान अवघड होतं. फुगा नेमका कुठे आहे हे पाहण्यासाठी नंतर शिरेतून औषध देऊन अँजिओग्राफी करतात. गरज असताना तीही गरोदरपणात करतात.

हे सगळं मी आज ठामपणे लिहितोय, पण मीही एकदा चुकलो आहे. वीसेक वर्षांपूर्वी आठव्या महिन्यातली एक बाई अशीच अचानक डोकं दुखतंय म्हणून रात्री आली होती. स्कॅन करावा असं मनात आलं. पण गरोदर आहे, नातेवाईक काय म्हणतील, उद्या बाळाला काही झालं तर आपल्यावर येईल, असा विचार करून मी बीपीची गोळी दिली आणि "सकाळी बघू" म्हणालो. पहाटे तिला पुन्हा तशीच कळ आली आणि ती बेशुद्ध झाली. पुढच्या दवाखान्यात स्कॅन झाला तेव्हा मेंदूत सगळीकडे रक्त होतं. बाई गेली, बाळही गेलं. बाळाला जपायचं म्हणून मी जो स्कॅन केला नाही, त्याने बाळ वाचलं नाही. त्या रात्री स्कॅन केला असता तर ती वाचलीच असती असं मी म्हणणार नाही. पण तिला ती संधी मिळायला हवी होती आणि ती माझ्यामुळे गेली.

दुसरा अडथळा: "आधी बाळंतपण करून घ्या"

निदान झालं की दुसरा घोळ सुरू होतो. मेंदूचे डॉक्टर म्हणतात, आधी बाळंतपण होऊ द्या. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणतात, आधी मेंदूचं बघा. नातेवाईक दोन्हींकडे चकरा मारतात. सगळीकडे असं होतं असं नाही, पण होतं हे नक्की.

खरं तर जगभरात यावर मोठं दुमत उरलेलं नाही. फुगा फुटला असेल तर गरोदर बाईवर तोच उपचार आणि तेवढ्याच तातडीने करायचा, जो ती गरोदर नसती तर केला असता. बाळाचा विचार करायचा तो उपचार कसा करायचा यासाठी, करायचा की नाही यासाठी नाही.

फुगा बंद करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, कवटी उघडून फुग्याच्या मानेवर बारीक चिमटा बसवायचा, म्हणजे क्लिपिंग. वॉल्टर डँडी या शल्यविशारदांनी १९३७ मध्ये हे पहिल्यांदा केलं. दुसरा, मांडीतल्या किंवा मनगटातल्या रोहिणीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन फुग्यात प्लॅटिनमची तार गुंडाळून भरायची, म्हणजे कॉइलिंग. हे १९९० नंतर सुरू झालं. यात कवटी उघडावी लागत नाही. किरणं वापरावी लागतात, पण ती डोक्यावर असतात आणि बाळाला मिळणारा डोस चिंतेच्या पातळीच्या खूप खाली ठेवता येतो. कुणाला काय योग्य, हे फुग्याची जागा आणि आकार पाहून तज्ज्ञ ठरवतात.

बाळाचं काय, हे ढोबळमानाने महिन्यांवर ठरतं:

• बाळ बाहेर जगण्याइतकं वाढलेलं नसेल, तर बाळ पोटात ठेवूनच फुगा बंद करतात आणि गरोदरपण पुढे चालू राहतं.
• ३४ आठवड्यांच्या पुढे असेल, तर बहुधा आधी सिझेरियन करून बाळ बाहेर काढतात आणि लगेच, शक्य तर त्याच भुलीत, फुग्यावर उपचार करतात.
• मधल्या काळात आईची अवस्था, बाळाची वाढ आणि त्या रुग्णालयातली सोय पाहून निर्णय होतो. बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात.

आई अत्यवस्थ असेल आणि वाचण्याची आशाच उरली नसेल, तर वाढलेल्या बाळाला वाचवण्याचा विचार करावा लागतो. तो वेगळा आणि फार दुःखद प्रसंग. पण शुद्धीवर असलेल्या, बोलणाऱ्या आईच्या बाबतीत "बाळ की बाळाची आई?" हा प्रश्नच चुकीचा आहे. आईचं रक्ताभिसरण हेच बाळाचं रक्ताभिसरण. आई दगावली तर पोटातल्या बाळाला वेगळं आयुष्य नसतं.

बाकीची काळजीही घ्यावी लागते. बीपी फार वाढू द्यायचं नाही, पण एकदम पाडायचंही नाही, कारण वारेतून बाळाला मिळणारं रक्त त्यावरच चालतं. पोट वाढलेलं असेल तर डाव्या कुशीवर झोपवायचं. झटक्यांसाठी औषध लागलं तर बाळाला कमी धोक्याचं निवडायचं. सोडियम व्हॅलप्रोएट टाळायचं. फुगा बंद केला म्हणजे संपलं असंही नाही. चौथ्या दिवसापासून साधारण चौदाव्या दिवसापर्यंत मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसण्याचा धोका असतो. त्यासाठी निमोडिपिन हे औषध २१ दिवस देतात. म्हणून "ऑपरेशन झालं, आता घरी सोडा" अशी घाई करू नका.

फुगा पूर्ण बंद झाला असेल तर पुढे नैसर्गिक बाळंतपणही होऊ शकतं. आणि एखादीच्या मेंदूत न फुटलेला फुगा सापडला, तर केवळ तेवढ्यासाठी सिझेरियन करायची गरज नसते.

तिसरा अडथळा: अंतर आणि परवानगी

या आजाराला एकाच छताखाली चार गोष्टी लागतात: मेंदूचे शल्यविशारद, अँजिओग्राफीची कॅथलॅब, स्त्रीरोग विभाग आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग. बीडहून छत्रपती संभाजीनगर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, पुणे त्याहून बरंच लांब. आष्टीचे लोक अहिल्यानगर गाठतात, अंबाजोगाई-परळीचे लातूर. अंतर एका दिवसात कमी होणार नाही. पण आपण त्या अंतरात स्वतःच्या हाताने भर घालतो. एका दवाखान्यात गेलं की तिथे बेड नाही, दुसऱ्यात मेंदूचे डॉक्टर बाहेरगावी, तिसऱ्यात बाळाची सोय नाही. रुग्ण गाडीतच फिरत राहतो.

दुसरा वेळ जातो परवानगीत. नवरा येऊ दे, सासरे येऊ दे, माहेरचे येऊ दे. बाई शुद्धीवर असेल तर संमती तिची लागते. ती बेशुद्ध असेल आणि जिवावर बेतलं असेल, तर डॉक्टरने जीव वाचवण्याचा उपचार सुरू करायचा असतो. आणीबाणीत आधी उपचार, बाकीचं नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यातच सांगितलं आहे.

आपल्या जिल्ह्यात बाईला न विचारण्याची सवय जुनी आहे. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हाच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. एकीकडे अनेकींच्या माथी नको ती शस्त्रक्रिया आली, आणि दुसरीकडे हवा असलेला एक साधा स्कॅन मिळायला दोन तास घासाघीस करावी लागते. दोन्हीकडे पोटाचा विचार झाला, पोट जिचं आहे तिचा झाला नाही.

माझ्या अपेक्षा

एक, गरोदर बाई अचानक उठलेल्या तीव्र डोकेदुखीने आली, तर कुठल्याही दवाखान्यात त्याच तासात बीपी, लघवी आणि मान तपासली जावी, आणि शंका असेल तर स्कॅन व्हावा. स्कॅन सेंटरमध्ये किरणांचे वर दिलेले आकडे सोप्या मराठीत फलकावर लावावेत.

दोन, पुढे पाठवण्याआधी डॉक्टरने स्वतः फोन करावा. चारही सोयी आहेत का, बेड आहे का हे विचारावं, स्कॅनचे फोटो आधी पाठवावेत आणि मग गाडी सोडावी. जिल्ह्यासाठी अशा रुग्णालयांची यादी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असावी. हा एक कागद आहे, त्याला वेगळं बजेट लागत नाही.

तीन, दसरा-दिवाळीनंतर टोळीबरोबर जाणाऱ्या गरोदर बायकांचं बीपी कोपीवरही तपासलं जावं. माता-बाल संरक्षण कार्ड गावात ट्रंकेत राहतं आणि बाई कारखान्यावर असते. कार्ड तिच्याबरोबर गेलं पाहिजे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर मातांची मोफत तपासणी होते. ती कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यातही करून घेता येते, हे मुकादमानेही टोळीला सांगावं.

तुम्ही काय करायचं?

• डोकेदुखी अचानक, प्रचंड आणि उलटी, भोवळ किंवा मान आखडण्यासोबत असेल तर १०८ ला फोन करा. "गरोदर आहे, शुद्ध गेली होती" हे आधी सांगा.
• रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवा. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी, औषध, कांदा, काहीही घालू नका. दातखीळ चमच्याने उघडू नका.
• ॲस्पिरिन देऊ नका. इतर दुखण्याच्या गोळ्याही मनाने देऊ नका.
• दुखणं किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवा. तपासणीची फाइल, आधार आणि रेशन कार्ड बरोबर घ्या.
• डॉक्टरांनी स्कॅन सांगितला तर एकच प्रश्न विचारा: "किती लवकर होईल?"
• पुढे पाठवत असतील तर विचारा: "तिथे मेंदूचे डॉक्टर आणि बाळंतपणाची सोय दोन्ही आहे ना? फोन केला का?"
• महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. पण कागदांसाठी गाडी थांबवू नका.

आणि ती सून?

तिचा स्कॅन पाहिल्यावर मी मोठ्या शहरातल्या रुग्णालयात फोन केला. संध्याकाळी ती तिथे पोचली, दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या फुग्यात कॉइल बसवली. बाळ पोटातच होतं. तीन आठवडे ती तिथे राहिली. सदतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली, अडीच किलोची. बाई आज चालते-फिरते, स्वयंपाक करते. मात्र पूर्वीसारखं सगळं नाही. गोष्टी विसरते, पटकन थकते, आणि यंदाही ऊसतोडीला गेली नाही. पहिल्याच दिवशी आली असती तर कदाचित याहून बरं झालं असतं.

बाळ दाखवायला सासूबाईच आल्या होत्या. म्हणाल्या, "साहेब, त्या दिवशी म्या नाही म्हणलं, ते मनातून जात नाही." मी म्हणालो, "मावशी, मीही एकदा नाही म्हणालो होतो."

म्हणून एवढंच सांगतो. घरात कुणी गरोदर असेल तर हा लेख तिच्या नवऱ्याला, सासूला आणि आईला वाचून दाखवा. तिलाही द्याच. वेळ आली तर बोलायचं तिलाच आहे.

काळजी घ्या.

(हा लेख माहितीसाठी आहे. उपचार तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.)